किनाऱ्याची वाट मोडू नये म्हणून : यंदा नर्मदा परिक्रमेस निघणाऱ्या मराठी परिक्रमावासीयांस खुले पत्र

प्रिय परिक्रमावासी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नर्मदे हर, विनंती विशेष.

कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरच्या घाटावर जागोजाग मराठी बोलणे कानी पडू लागते. कोणी कढईचा शिरा करून कन्यापूजन उरकत असते, कोणी कुपीत नर्मदामैयाचे जल भरून तिच्या तोंडाला कापड बांधत असते, कोणी प्रमाणपत्रावर पहिला शिक्का मिळावा म्हणून रांगेत उभे असते. आपल्यापैकी अनेक जण यंदा त्या रांगेत असणार आहेत. त्यातले जे पायी निघणार आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी एक मैत्रीण त्याच घाटावरून पायी निघालो आणि कार्तिकापासून चैत्र संपेपर्यंत चाललो. त्या चालण्यात जे दिसले आणि आमच्या हातून जे चुकले, ते आपण निघण्याआधी आपल्या कानावर घालणे मला माझे कर्तव्य वाटते.

माझे म्हणणे एवढेच आहे की पायी परिक्रमा किनाऱ्याने व्हावी, आणि किनाऱ्यावरच्या माणसांना जड न होता व्हावी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्या वेगळ्या नाहीत, हे मला निम्मी परिक्रमा झाल्यावर कळले.

अमरकंटकला उगम पावून भडोचच्या पुढे खंभातच्या आखातास मिळेपर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. तिला उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कुठेही न ओलांडता, समुद्र आणि उगम या दोन्ही टोकांना वळसा घालून निघाल्या जागी परत यायचे, म्हणजे सुमारे २,६०० किलोमीटर चालणे होते. जुन्या रिवाजाप्रमाणे चातुर्मासात एका जागी थांबून ही परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांत पुरी करायची. आता बहुतेक जण ती एका मोसमात करतात, मीही तशीच केली. पण मुदत कमी-जास्त झाली म्हणून वाटेचा स्वभाव बदलत नाही. ही वाट कोणत्याही खात्याने आखलेली नाही. ती कुणाच्या शेताच्या बांधावरून जाते, कुणाच्या अंगणातून जाते, नाल्यात उतरते, रेतीत हरवते आणि पलीकडच्या दरडीवर पुन्हा सापडते. दर वर्षी पावसाळ्यात ती धुऊन निघते आणि दर वर्षी कार्तिकानंतर चालणाऱ्यांच्या पायांनी पुन्हा पडते. जिथे दोन-तीन वर्षे कोणी फिरकले नाही, तिथे बाभळी आणि बेशरमची झुडपे उभी राहतात, शेतकरी बांधाला तारेचे कुंपण घालतो, आणि वाट होती हे सांगणारे म्हातारे माणूसही पुढे उरत नाही.

पुष्कळ ठिकाणी वाट पाण्याखाली गेली आहे, हे खरेच आहे. जबलपूरजवळच्या बरगी धरणाचे काम १९९० मध्ये पुरे झाले. पुनासाच्या इंदिरा सागर धरणाचे पाणी ९१३ चौरस किलोमीटरांवर पसरले आणि २००४ मध्ये हरसूदसारखे नांदते शहर त्यापायी उठले. ओंकारेश्वरला तर ज्योतिर्लिंगाच्या डोक्यावरच भिंत उभी आहे. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला भरले, आणि त्याचा फुगवटा धरणापासून वर २१४ किलोमीटर पोहोचतो. शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट, जुने शूलपाणेश्वराचे मंदिर, हापेश्वरचे देऊळ, सगळे त्या पाण्यात आहे. शूलपाणेश्वराचे नवे मंदिर गोरा येथे बांधलेले आहे आणि आपण दर्शन घेतो ते तिथले. आपल्या महाराष्ट्रातली, नंदुरबार जिल्ह्यातली ३३ आदिवासी गावे या धरणाने बाधित झाली. त्यांच्या शेतांचे आणि घरांचे काय झाले, हा या पत्राचा विषय नाही, परंतु धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांतून चालताना उजव्या हाताला खाली जे निळे, संथ पाणी दिसते, त्याच्या तळाशी कोणाची तरी जमीन आहे हे मनात ठेवून चालावे, एवढी विनंती करते.

धरणांबाबत व्यवहाराची एक गोष्ट सांगते, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. पावसाळा संपताना जलाशय भरलेले असतात आणि रब्बीचे पाणी सुटू लागले की हळूहळू उतरतात. त्यामुळे मार्गशीर्षात जिथे पाणी असते तिथे फाल्गुनात मोकळी जमीन दिसते. लोक तिथे गाळपेर करतात आणि हिरवेगार हरभऱ्याचे पट्टे पाहून आपल्याला वाटते की किनारा मोकळा झाला. पेरलेल्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला, पाण्यालगत, वरून वाळलेला आणि भेगाळलेला जो गाळ असतो, त्यावर पाय ठेवू नये. इंदिरा सागराच्या काठी मी सहज म्हणून हातातला दंड टेकवला तर तो हातभर आत गेला आणि बाहेर काढताना दोघींना जोर लावावा लागला. शेतात माणूस दिसेल, त्याला विचारावे. तो काम टाकून बांधापर्यंत येतो आणि हाताने वाट दाखवतो.

मात्र वाट मोडण्याचा सगळा दोष धरणांवर टाकता येणार नाही. जिथे धरण नाही, जलाशय नाही, किनारा जसाच्या तसा आहे, अशा शेकडो किलोमीटरांतही पायी परिक्रमावासी मला डांबरी रस्त्यानेच चालताना दिसले. त्यांत बहुसंख्य आपण मराठी लोक होतो, हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ते खरे आहे. आपल्याकडे परिक्रमेच्या मुक्कामांच्या याद्या फिरतात. अमुक आश्रम, तिथून तमुक आश्रम, मध्ये इतके किलोमीटर, चहा कुठे, आंघोळीला गरम पाणी कुठे. या याद्या सद्भावनेनेच केलेल्या असतात आणि आजारी किंवा वयस्क माणसाला त्यांचा आधारही होतो. पण यादी करणाऱ्याला जो आश्रम सापडला तो बहुधा रस्त्याकाठचा असतो, आणि मोबाइलचा नकाशाही रस्ताच दाखवतो. शंभर दिवसांत संपवायची म्हणून दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर गाठायचे ठरले की किनारा नकोसा होतो, कारण रेतीतून, ढेकळांतून आणि नाल्यांतून दिवसभरात वीसही होत नाहीत. मग बुधनीच्या बाजूला रेतीचे डंपर धुरळा उडवत जातात त्या रस्त्यावर, पहाटेच्या धुक्यात, पाठीवर पिशवी आणि ओठांवर नाम घेऊन आपण चालत राहतो. नदी दोन-तीन कोसांवर असते आणि ती दिवसभरात एकदाही दिसत नाही. परिक्रमा मैयाची असेल, तर दिवसातून एकदा तरी तिच्यात उतरून ओंजळभर पाणी घेता यावे, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.

हे माझे मत नुसत्या भक्तिभावातून बनलेले नाही. उत्तर तटावर, सिहोर-रायसेनच्या बाजूला, एका लहान कुटीत आम्ही माघात मुक्काम केला. दरडीच्या अगदी कडेला पिंपळ, त्याखाली मारुती, मागे कौलारू खोली, आणि एक वयस्क बाबा. आम्ही दिसताच त्यांनी "कितनी मूर्ती हैं?" असे विचारले (परिक्रमावासीयाला तिकडे मूर्ती म्हणतात) आणि दोन म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. आणखी कोणी मागून येत आहे का, म्हणून ते वाटेकडे बघत राहिले. खोलीत पत्र्याच्या कोठीत पीठ होते, डाळ होती, मिठाची बरणी होती, आणि हे सारे गावातल्या घरांनी सुगीनंतर आणून दिलेले होते. सदाव्रत म्हणजे काय, ते मी तिथे पाहिले. प्रत्येक घराचा वाटा ठरलेला असतो. कोणी पायली गहू देते, कोणी शेतातली तूर, कोणी जळण. रात्री बाबांनी एक जाडजूड वही समोर ठेवली आणि नाव लिहायला सांगितले. मी मागची पाने चाळली. सुरुवातीच्या पानांवर एकेका तारखेला आठ-दहा नावे होती, नाशिक, सांगली, डोंबिवली, लातूर. पुढे पुढे एका पानावर आठवडाभराची नावे मावू लागली, आणि आमच्या आधीची नोंद अकरा दिवसांपूर्वीची होती. त्याच अकरा दिवसांत आम्ही रस्त्यावर भेटलेल्या आपल्या मंडळींची संख्या मोजली तर तिने त्या वहीची दोन पाने भरली असती. बाबा म्हणाले, मूर्ती येत नाहीत म्हणून गावातल्या काही घरांनी यंदा धान्य दिले नाही. त्यात गावाची चूक काय? खाणारा नसेल तर कोठीत पीठ सडवायचे कशाला? आणखी दोन-चार वर्षांनी कोठी रिकामी राहील, बाबा उठून जातील, आणि मग किनाऱ्याने येणाऱ्या एखाद्या खऱ्या गरजू माणसाला तिथे रात्र काढता येणार नाही. तो रस्त्याने जाईल. अशा रीतीने वाट आणि चूल एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात आणि एकमेकींच्या पाठोपाठ मोडतात.

याउलट काय घडते, तेही सांगते, आणि ते आमच्याच हातून घडले आहे.

बडवानीच्या पुढे शूलपाणीची झाडी लागते. पूर्वी इथे भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत, वस्त्रे नि भांडीसुद्धा काढून घेत, आणि लुटले जाणे हा परिक्रमेचाच भाग समजला जाई. आता कोणी लुटत नाही. आता त्याच डोंगरांतली माणसे आपल्याला जेवू घालतात. काही जण हा भाग टाळून शहादा-प्रकाशाकडून, म्हणजे तापीकाठाने वळसा घेतात. आम्ही डोंगरातून जायचे ठरवले. आम्ही दोघी निघालो होतो, पण झाडीच्या भीतीने वाटेत एकेक जण जोडला जाऊन आमचे बारा जण झाले. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर दिवेलागण उलटून गेल्यावर आम्ही पोहोचलो. पाडा म्हणजे डोंगराच्या उतारावर लांब लांब विखुरलेली घरे. पहिल्या घराने आम्हा बारा जणांनाही ठेवून घेतले. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात शेळ्या, एका कोपऱ्यात चूल. बायका म्हणून आम्हा दोघींना चुलीपाशी बसायला मिळाले. घरच्या बाईला मराठी फारसे येत नव्हते. आश्रमशाळेत जाणारी तिची मुलगी पुस्तकी मराठीत आमचे बोलणे तिला आणि तिचे आम्हाला सांगत होती. त्या माउलीने रात्री दहापर्यंत मक्याच्या भाकरी थापल्या. तुरीची आमटी होती, मिरची होती. आमच्यातले दोघे-तिघे दोन-दोनदा मागून घेत होते, दिवसभराच्या चढाने भूक लागली होती, आणि सगळे पुन्हा पुन्हा म्हणत होते की मैयाच खाऊ घालते आहे. मी मात्र बाईच्या हाताकडे पाहत होते. पीठ संपले तेव्हा तिने बांबूची कणगी वाकडी करून आतला मका टोपलीत झाडून घेतला. कणगीच्या तळाला हात लागल्याचा आवाज मला ऐकू आला.

सकाळी उजाडायच्या आत घरधनी रिकामे पोते खांद्यावर टाकून बाहेर पडला. मुलीला विचारले, तर ती म्हणाली, "बाबा काकांकडे मका उसना आणायला जात आहेत." काका दोन डोंगर पलीकडे राहत होते. आम्ही काही रक्कम ठेवू लागलो तर बाई घेईना. मुलीच्या वहीत ठेवून निघालो. पण पैशाने मका त्या दिवशी त्या डोंगरावर येणार नव्हता. मैयाने खाऊ घातले हे खरे असेलही, मात्र ते त्या घराच्या कणगीतून खाऊ घातले, आणि ती कणगी केवढी आहे हे पाहण्याचे डोळे तिने आपल्यालाही दिले आहेत. त्या दिवसापासून आम्ही दोघी त्या जथ्यातून वेगळ्या झालो.

म्हणून माझी पहिली कळकळीची विनंती अशी की दोन, तीन, फार तर चार जणांनी चालावे. वाटेत जथा वाढू लागला तर कोणी पुढे जावे, कोणी मागे राहावे. एका घरावर किंवा एका कुटीवर एका रात्री चारांपेक्षा जास्त पाने पडू नयेत. संध्याकाळ होण्याच्या आत मुक्कामाला पोहोचावे, म्हणजे घरच्यांना दळण-जळणाची तजवीज करता येते. झाडीत शिरताना प्रत्येकाने दोन दिवसांचा शिधा पाठीवर घ्यावा. संग्रह करू नये हा परिक्रमेचा नियम मला ठाऊक आहे आणि मी तो मानते, पण तो नियम पोटाची चिंता सोडण्यासाठी आहे, ती चिंता दुसऱ्याच्या घरावर ढकलण्यासाठी नाही. घरच्या बाईच्या हाती आपला शिधा द्यावा आणि तिच्या चुलीवर तिच्याबरोबर रांधावे. तेल, मीठ, गूळ, तूरडाळ यांना त्या डोंगरात नोटेपेक्षा अधिक किंमत आहे, कारण आठवडे बाजाराचे गाव एका दिवसाच्या चालीवर असते.

मुलांबद्दल थोडे स्पष्ट लिहावे लागेल. रस्त्याकाठच्या पाड्यांतली मुले परिक्रमावासी दिसताच "नर्मदे हर" म्हणत धावत येतात आणि हात पुढे करतात. त्यांना ही सवय आपण लावली आहे. गोळ्या, बिस्किटाचे पुडे, एक-दोन रुपयांची नाणी, तीही पुष्कळदा गाडीच्या खिडकीतून. ज्या मुलीने आमच्यासाठी दुभाषाचे काम केले, तिने हात पुढे केला नव्हता, कारण तिचा पाडा रस्त्यापासून लांब होता. आपल्याला मुलांना काही द्यायचेच असेल, तर वह्या, पेन्सिली, अंकलिप्या तिथल्या शाळेत गुरुजींच्या हाती द्याव्यात. वाटेवर, गाडीतून, गर्दीत काही देऊ नये. परिक्रमा गाडीने करणाऱ्यांविषयी माझ्या मनात कमीपणाची भावना नाही. माझी आई बसनेच परिक्रमा करून आली आणि तिची श्रद्धा माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. पण बसच्या आयोजकांनी प्रवाशांना ही एक गोष्ट निघतानाच समजावून सांगावी.

दक्षिण तट संपतो तिथे विमलेश्वरला थांबावे लागते. तिथून समुद्रातून नावेने पलीकडे मीठी तलाईला जायचे, आणि नाव निघते ती भरतीच्या वेळेवर, आपल्या सोयीवर नव्हे. कधी मध्यरात्री हाक येते, कधी पहाटे. गर्दीच्या दिवसांत दोन-दोन दिवस थांबावे लागते. त्या थांबण्यात मी आपली माणसे नावाड्यांवर ओरडताना, यादीत वर नाव लावण्यासाठी ओळखी काढताना आणि ठरल्यापेक्षा जास्त जण नावेत चढताना पाहिली. तिथे कृपा करून घाई करू नये. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ आणि ओढीचे असते. नावाडी 'बस' म्हणाला की मागे सरावे आणि दुसऱ्या भरतीची वाट पाहावी. पाच महिन्यांच्या चालण्यात एक दिवस जास्त लागल्याने काहीही बिघडत नाही.

आपल्या मराठी मुलखाचे आणि या किनाऱ्याचे नाते जुने आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारकिर्दीत महेश्वरला राजधानी ठेवली आणि तिथे जे घाट बांधले, त्यांच्या पायऱ्यांवर आपण आजही आसन लावतो. माणगावचे टेंबे स्वामी, श्री वासुदेवानंद सरस्वती, ऐन तळकोकणातून निघून भारतभर पायी फिरले आणि १९१४ मध्ये गरुडेश्वरला नर्मदाकाठीच देह ठेवते झाले. गरुडेश्वरला त्यांच्या समाधीपुढे मी बराच वेळ बसले होते, आणि मनात सारखे येत होते की या मंडळींनी या काठावर काही दिले, काही बांधले, काही शिकवले. आपण इतक्या मोठ्या संख्येने येतो, तर आपल्या येण्याने या काठावर काय शिल्लक राहते आहे? नेमावरच्या सिद्धनाथ मंदिराखालच्या वाळूत मला जुनी धोतरे, प्लास्टिकच्या द्रोणांतले दिवे आणि शाम्पूच्या पुड्या दिसल्या, आणि पुड्यांच्या बाजूलाच एक मराठी वर्तमानपत्र पडले होते. दीप सोडायचाच असेल तर तो पानाच्या द्रोणात किंवा कणकेच्या पणतीत सोडावा. वस्त्र सोडू नये. मैयाच्या पात्रात साबण लावू नये, हा तर जुनाच नियम आहे.

ज्यांना रजा मिळत नाही, ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्यावर घरी कोणाच्या आजारपणाची जबाबदारी आहे, त्यांनी शंभर दिवसांत रस्त्याने परिक्रमा संपवण्याचा हट्ट धरण्याऐवजी खंड परिक्रमेचा विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवते. एका वर्षी पंधरा दिवस किनाऱ्याने चालावे, जिथे थांबले तिथे खूण ठेवावी आणि पुढच्या वर्षी तिथूनच पुढे निघावे. काही जण याला परिक्रमा मानत नाहीत. मला मात्र वाटते की किनाऱ्याने केलेले पंधरा दिवस हे महामार्गाने केलेल्या शंभर दिवसांपेक्षा नदीच्या अधिक जवळ असतात. एका दिवसाचीच सवड असेल तर चैत्रात गुजरातेत तिलकवाडा-रामपुरा यांच्या दरम्यान, नदी जिथे उत्तरेकडे वाहते तेवढ्याच भागाची, उत्तरवाहिनी परिक्रमा होते, ती सुमारे वीस किलोमीटरांची आहे. मात्र आता तिथेही शनिवार-रविवारी अतोनात गर्दी होते, म्हणून मधल्या वारी जावे.

शेवटची विनंती याद्यांबद्दल आहे. याद्या फिरणारच असतील तर त्या किनाऱ्याच्या असाव्यात. आपल्यापैकी प्रत्येकाने एक वही जवळ ठेवावी आणि त्या त्या दिवशी लिहावे की कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत काठाने जाता आले, कुठे कुंपण आडवे आले, कोणता नाला कोणत्या महिन्यात गुडघाभर होता, कुठली कुटी बंद पडली, कुठे म्हातारी एकटीच राहते आणि म्हणून तिथे मुक्कामाची अपेक्षा धरू नये. कुंपण आडवे आलेल्या ठिकाणी त्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोलावेत. पिकातून जाणार नाही, बांधाच्या कडेने जाऊ, असे सांगितल्यावर आम्हाला एकानेही अडवले नाही. एकाने तर खालची तार उचलून धरली आणि आमच्या पिशव्या स्वतः पलीकडे दिल्या. परत आल्यावर ही वही पुढच्या वर्षी निघणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावी. माझी वही मी नाशिकच्या दोन बहिणींना दिली. त्यांनी त्यात बरगीच्या वरच्या भागाची चार पाने भर घालून ती पुढे दिली आहे.

आणि उत्तर तटावरच्या त्या पिंपळाखालच्या कुटीत पोहोचलात, तर बाबांच्या वहीत नाव लिहा, गाव लिहा, किती मूर्ती ते लिहा, आणि कोणत्या वाटेने आलात तेही सविस्तर लिहा. बाबांना स्वतःला वाचता येत नाही. दर एकादशीला गावातला एक शाळकरी मुलगा येऊन नवी नावे त्यांना वाचून दाखवतो, आणि कोण कुठून आले ते सारे ते पुन्हा पुन्हा विचारून घेतात.

नर्मदे हर.

आपली,
एक परिक्रमावासी